पंचाहत्तर प्रतींपासून पुढे : बेसबॉलच्या हौशी विश्लेषणाला वाचक कसा मिळाला

खेळाचा प्रेक्षक आणि त्या खेळाच्या विश्लेषणाचा वाचक हे एकाच मैदानाभोवती वावरत असले, तरी त्यांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. प्रेक्षकाला सामना हवा असतो, त्यातली चुरस हवी असते आणि आपल्या संघाचा विजय हवा असतो; वाचकाला मात्र तो विजय का मिळाला आणि ज्याच्या नावावर तो लिहिला गेला त्याचा त्यात खरा वाटा किती, हे जाणून घ्यायचे असते. अमेरिकेत बेसबॉलला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच मोठा प्रेक्षकवर्ग लाभला होता आणि आकड्यांचे वेडही त्या प्रेक्षकाला पूर्वीपासून होते. तथापि त्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्या आणि रूढ समजुती तपासून पाहणाऱ्या लेखनाला स्वतःचा वाचक मिळाला तो १९७७ नंतरच्या दोन-अडीच दशकांत, आणि तो जमवण्याचे काम क्लबांच्या किंवा विद्यापीठांच्या पाठबळाशिवाय मुख्यतः हौशी चाहत्यांनी केले. पदरी पद नाही, हाती अधिकृत माहिती नाही आणि नावाला वलय नाही, अशा लेखकांनी हा वाचक कसा मिळवला आणि तो मिळाल्यावर पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

नोंदींना सोयीचा खेळ

क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकाला बेसबॉलची रचना थोडक्यात सांगता येते. चौकोनाच्या एका कोपऱ्यावर होम प्लेट आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांवर तीन बेस असतात. होम प्लेटपाशी उभ्या असलेल्या बॅटरकडे पिचर चेंडू फेकतो, आणि बॅटर तिन्ही बेस क्रमाने ओलांडून पुन्हा होम प्लेटला पोहोचला की संघाची एक धाव होते. तीन खेळाडू बाद झाले की डाव संपतो आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात, म्हणजे एका सामन्यात संघाला खर्च करता येतील असे बाद होण्याचे सत्तावीस प्रसंग असतात. पिचरने टाकलेले चार चेंडू ठरावीक चौकटीबाहेरून गेले आणि बॅटरने त्यांना बॅट लावण्याचा प्रयत्न केला नाही, तर त्याला पहिला बेस आपोआप बहाल होतो. यालाच ‘वॉक’ म्हणतात आणि पुढच्या सगळ्या वादात या साध्या नियमाला फार महत्त्व आहे.

या खेळाचे एक वैशिष्ट्य विश्लेषकांच्या पथ्यावर पडले. फुटबॉलमध्ये खेळ सतत वाहता असतो आणि एका क्षणाचा दुसऱ्या क्षणापासून विलग विचार करता येत नाही; बेसबॉल मात्र प्रत्येक चेंडूनंतर थांबतो आणि थांबल्यावर त्याची स्थिती नेमकेपणाने सांगता येते. कोणत्या बेसवर धावपटू आहे याच्या आठ शक्यता आणि किती खेळाडू बाद झाले याच्या तीन शक्यता मिळून एकूण चोवीस स्थिती होतात. प्रत्येक स्थितीतून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात हे जुन्या सामन्यांवरून काढले, तर एखाद्या फटक्याची, वॉकची किंवा डावपेचाची किंमत धावांच्या भाषेत मोजता येते. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. सामन्यांच्या पुऱ्या नोंदी, कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्यावर ते होऊ शकते. हौशी माणसाला शिरकाव करता येईल अशी ही वाट होती.

नोंदींची परंपरा मात्र क्रिकेटमधून आली. इंग्लंडमधील एक्झेटर येथे १८२४ मध्ये जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत आलेले हेन्री चॅडविक हे न्यूयॉर्क परिसरातील वृत्तपत्रांसाठी आधी क्रिकेटचे वार्तांकन करीत. पुढे बेसबॉलकडे वळल्यावर त्यांनी सामन्याचा आकड्यांतील गोषवारा देणारा तक्ता, म्हणजेच ‘बॉक्स स्कोअर’, रूढ केला आणि फलंदाजीची सरासरी लोकप्रिय करण्यातही मोठा वाटा उचलला. बेसबॉलमधील ही सरासरी म्हणजे यशस्वी फटक्यांना बॅटरच्या संधींनी भागून येणारा आकडा होय. त्या भागाकारात वॉक धरला जात नाही, कारण चॅडविक यांच्या दृष्टीने वॉक ही पिचरची चूक होती आणि तिचे श्रेय बॅटरला देण्याचे कारण नव्हते. चांगला आणि वाईट चेंडू ओळखून संयमाने उभा राहणारा बॅटर त्यामुळे हिशेबातून जवळजवळ नाहीसा झाला, आणि १८८७ च्या एका हंगामात वॉक हा फटका म्हणून मोजला गेल्याचा अपवाद सोडला तर पुढची शंभर वर्षे खेळाडूची योग्यता याच सरासरीने ठरत राहिली.

ज्ञान होते, वाचक नव्हता

या मोजमापातील उणीव कोणालाच दिसली नव्हती असे नाही. ‘बेसबॉल मॅगझिन’ या मासिकाचे एफ. सी. लेन यांनी १९१६ च्या सुमारास, एका बेसपुरता फटका आणि थेट मैदानाबाहेर जाणारा होम रन या दोन्हींना सारखेच मोल देणारी सरासरी निरर्थक असल्याचे लिहिले होते. ब्रुकलिन डॉजर्स या क्लबचे ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये अ‍ॅलन रॉथ यांची पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली आणि बेस गाठण्याच्या क्षमतेचे महत्त्व त्यांना पटले होते. कॅनडाच्या संरक्षण खात्यातील संशोधक जॉर्ज लिंडसे यांनी १९६३ मध्ये वर उल्लेखलेल्या चोवीस स्थितींचे गणित मांडून प्रचलित डावपेच पारखले, तर १९६४ मध्ये अर्नशॉ कुक या अभियंत्याने ‘पर्सेंटेज बेसबॉल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या चौघांच्या कामाचा दर्जा बाजूला ठेवून त्याच्या प्रसाराकडे पाहिले, तर वाचकवर्ग का घडला नाही हे ध्यानात येते. लेन यांच्याकडे व्यासपीठ होते, पण त्यांचा युक्तिवाद पुढे नेणारी मंडळी त्यांच्याभोवती जमली नाहीत. रॉथ यांचे काम क्लबच्या नोकरीत झाल्यामुळे ते मुख्यतः क्लबच्या उपयोगाचे राहिले. लिंडसे यांचा निबंध संशोधन-नियतकालिकात, म्हणजे बेसबॉलच्या सामान्य चाहत्याच्या नजरेपलीकडे प्रकाशित झाला. आणि कुक यांचा ग्रंथ सूत्रांनी आणि आलेखांनी इतका भरलेला होता की जिज्ञासू वाचकही थोड्याच पानांत थकावा. एका बाजूला निष्कर्ष आणि दुसऱ्या बाजूला सामना पाहून घरी परतणारा चाहता, अशी ही फारकत होती आणि त्यांना जोडणारे गद्य अद्याप लिहिले गेले नव्हते.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे, जेथे बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ हे संग्रहालय आहे, एल. रॉबर्ट डेव्हिड्स यांच्या पुढाकाराने सोळा जण जमले आणि त्यांनी ‘सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च’ ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या नावातील आद्याक्षरांवरून ती ‘सेबर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे बहुतेक सदस्य व्यवसायाने बेसबॉलशी संबंधित नव्हते. जुन्या वृत्तपत्रांतून खेळाडूंची माहिती खणून काढणारे, विसरलेल्या सामन्यांचे तक्ते जुळवणारे असे ते छांदिष्ट अभ्यासक होते. या संस्थेमुळे विखुरलेल्या माणसांना परस्परांचा पत्ता लागला, ही तिची मोठी कामगिरी होय. कारण वाचकवर्गाची सुरुवात अनेकदा एकमेकांचे लेखन वाचणाऱ्या लेखकांपासूनच होते.

कॅन्सासमधील रखवालदार

ही फारकत मिटवणारे लेखक म्हणजे बिल जेम्स. कॅन्सास राज्यात १९४९ मध्ये जन्मलेले जेम्स हे लॉरेन्स या गावी डबाबंद खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे रखवालदार म्हणून काम करीत आणि उरलेला वेळ बॉक्स स्कोअरच्या अभ्यासात घालवीत. १९७७ मध्ये त्यांनी ‘बेसबॉल अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ नावाची अडुसष्ट पानांची पुस्तिका स्वतःच काढली. अन्यत्र कोठेही न मिळणारी अठरा प्रकारची सांख्यिकी माहिती तिच्यात असल्याचा दावा तिच्या लांबलचक उपशीर्षकातच केलेला होता. ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकात एक लहानशी जाहिरात दिली गेली आणि पंचाहत्तर जणांनी ती पुस्तिका विकत घेतली. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या अडीचशे प्रती खपल्या. व्यापाराच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे नगण्य होते. परंतु ते पंचाहत्तर जण पत्र पाठवून, पैसे भरून आणि टपालाची वाट पाहून आलेले वाचक होते, आणि अशा वाचकाचे वजन त्याच्या संख्येवरून ठरत नाही.

जेम्स यांच्या लेखनाची पहिली ओळख म्हणजे ते आकड्यापासून सुरुवात करीत नसत. ते प्रश्नापासून सुरुवात करीत. खेळाडू कोणत्या वयात सर्वोत्तम खेळतो? चाहत्यांमध्ये आणि जाणकारांमध्ये अठ्ठावीस ते बत्तीस हा बहराचा काळ मानला जाई. जेम्स यांनी शेकडो खेळाडूंच्या कारकिर्दी तपासून बहर सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास येतो आणि तिशीनंतर उतार लागतो असे दाखवले. चांगला क्षेत्ररक्षक कोणता? अधिकृत नोंदी त्याच्या चुका मोजत, पण चूक होण्यासाठी आधी चेंडूपर्यंत पोहोचावे लागते. जो पोहोचतच नाही त्याची चूक नोंदली जात नाही आणि संथ खेळाडू कागदावर निर्दोष ठरतो. म्हणून जेम्स यांनी चुकांऐवजी खेळाडूने प्रत्येक सामन्यात बाद करण्यात प्रत्यक्ष किती वेळा भाग घेतला, हे मोजण्याचा पर्याय सुचवला. हे प्रश्न प्रत्येक चाहत्याच्या वादावादीत आधीपासून होते. त्यांची तड लावता येते, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की त्यांची रीत उघडी होती. दिलेल्या कालावधीत संघाने केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून त्याच्या विजयांचे प्रमाण किती असावे, याचे त्यांचे सूत्र शाळकरी मुलालाही चालवता येईल असे होते: केलेल्या धावांचा वर्ग करावा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. एखाद्या संघाने १६२ सामन्यांच्या हंगामात ८०० धावा केल्या आणि ७०० दिल्या, तर या सूत्राने विजयांचे प्रमाण सुमारे ०.५६६, म्हणजे जवळपास ९२ विजय असे येते. प्रत्यक्षात तो संघ ९९ सामने जिंकला असेल, तर त्याला नशिबाचीही साथ मिळाली असावी आणि पुढच्या वर्षी तो घसरण्याची शक्यता आहे, असा तर्क करता येतो. बॅटरचे फटके, वॉक आणि फटक्यांतून मिळवलेले एकूण बेस यांवरून त्याने संघाला किती धावा मिळवून दिल्या याचा अंदाज करणारे त्यांचे ‘रन्स क्रिएटेड’ हे सूत्रही असेच पडताळण्याजोगे होते. वाचक आपल्या आवडत्या संघाचे आकडे घालून लेखकाला तपासू शकत होता, आणि तपासता येणाऱ्या लेखकावर बसलेला विश्वास सहसा टिकाऊ असतो.

तिसरे कारण त्यांच्या गद्याचे. जेम्स यांचे लेखन चटकदार, तिरकस आणि पुष्कळदा मूळ विषय सोडून भटकणारे असे. एखाद्या सामान्य खेळाडूविषयीची टीप मध्येच तर्कशास्त्राच्या छोट्या पाठात रूपांतरित होई, तर एखाद्या व्यवस्थापकाच्या रूढ कल्पनेची ते बोचऱ्या शब्दांत संभावना करीत. सुरुवातीला तक्त्यांनी भरलेली पुस्तिका वर्षागणिक निबंधांनी भरत गेली आणि वाचक वाढला तो याच काळात. १९८० मध्ये त्यांनी या सगळ्या उद्योगाला ‘सेबरमेट्रिक्स’ हे नाव दिले, ज्यात ‘सेबर’ या संस्थेचा सन्मान होता. बेसबॉलविषयीच्या वस्तुनिष्ठ ज्ञानाचा शोध, अशी त्यांनी त्याची व्याख्या केली.

मध्यस्थ आणि नवा चाहता

चांगल्या लेखनाला त्याच्या योग्य वाचकापर्यंत नेणारा मध्यस्थ लागतो, आणि जेम्स यांच्या बाबतीत ती भूमिका डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने पार पाडली. सुरुवातीच्या मोजक्या वाचकांपैकी एक असलेल्या ओक्रेंट यांनी जेम्स यांच्यावर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकासाठी लेख लिहिला. तेथील तथ्यतपासणीत जेम्स यांची विधाने प्रचलित समजुतींशी जुळेनात, म्हणून तो सुमारे वर्षभर रखडला आणि अखेर १९८१ मध्ये छापून आला. त्यानंतर १९८२ पासून ‘बॅलंटाइन’ या प्रकाशनसंस्थेने ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ देशभर वितरित करण्यास आरंभ केला आणि पाच वर्षांपूर्वी पंचाहत्तर प्रती खपलेले हे वार्षिक खपाच्या राष्ट्रीय याद्यांत जाऊन बसले.

याच ओक्रेंट यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मित्रांसह ‘रोटिसरी लीग’ हा खेळ सुरू केला. ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत त्याच्या नावावरून हे नाव पडले. त्यात सहभागी होणारा माणूस खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक लिलाव करून आपला संघ बांधतो आणि त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून त्याला गुण मिळतात. आज भारतातही परिचित असलेल्या ‘फँटसी’ क्रिकेटचे हे पूर्वरूप होय. या खेळामुळे विश्लेषणाच्या वाचकवर्गाची जात बदलली, कारण कोणता खेळाडू पुढच्या वर्षी चांगला खेळेल हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिला नाही. त्यात मित्रांमधली प्रतिष्ठा आणि थोडेफार पैसेही गुंतले. विश्लेषण वाचण्याचे व्यावहारिक कारण लाखो लोकांना मिळाले.

वाचकांचे सहकारी झाले

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा १९८४ चा मानावा लागेल. प्रत्येक सामन्यात प्रत्येक खेळीला नेमके काय घडले याची तपशीलवार नोंद अधिकृत सांख्यिकीचे काम पाहणाऱ्या ‘एलियास स्पोर्ट्स ब्युरो’कडे होती, पण ती सर्वसामान्यांना उपलब्ध नव्हती. बॉक्स स्कोअरवरून एकूण बेरजा कळत. परंतु दुसऱ्या बेसवर धावपटू असताना अमुक बॅटर कसा खेळतो, हे त्यातून कळत नसे. यावर जेम्स यांनी ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’च्या पानांतून वाचकांनाच आवाहन केले: देशभरातील चाहत्यांनी सामने वाटून घ्यावेत, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या सामन्याची खेळीगणिक नोंद करावी आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावी. ‘प्रोजेक्ट स्कोअरशीट’ या नावाने हा उपक्रम उभा राहिला आणि स्वयंसेवकांनी हंगामामागून हंगाम नोंदवले.

हा उपक्रम पुढे विस्कटला, तरी त्याची परंपरा खंडित झाली नाही. डेलावेअर विद्यापीठातील जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये ‘रेट्रोशीट’ सुरू केले. क्लबांच्या कपाटांतून, वार्ताहरांच्या वह्यांतून आणि जुन्या वृत्तपत्रांतून पूर्वीच्या सामन्यांच्या नोंदी मिळवून त्या संगणकावर चढवणे आणि कोणालाही विनामूल्य वापरू देणे हे त्याचे काम होय. आज बेसबॉलवर होणारे बहुतेक ऐतिहासिक संशोधन या खुल्या नोंदींवर उभे आहे. वाचकवर्गाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वाचक हा ग्राहक राहिला नाही. तो सामग्री पुरवणारा, तिच्यावर स्वतः प्रयोग करणारा आणि लेखकाच्या निष्कर्षाला आव्हान देणारा सहकारी झाला. ज्याने स्वतः शंभर सामन्यांची नोंद केली आहे, तो त्या विषयापासून सहजासहजी दुरावत नाही.

जेम्स यांनी १९८८ मध्ये ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ थांबवले. अर्थ न समजता फेकल्या जाणाऱ्या आकड्यांच्या भाऊगर्दीला आपणही हातभार लावला, अशी खंत त्यांनी तेव्हा व्यक्त केली. मात्र तोवर तयार झालेल्या वाचकांतून लेखकांची पुढची पिढी निघाली होती. या पिढीने १९९६ मध्ये ‘बेसबॉल प्रॉस्पेक्टस’ हे वार्षिक सुरू केले, आणि तिच्या शिस्तीचे उत्तम उदाहरण वोरोस मॅक्रॅकन यांच्या शोधात सापडते. बेसबॉलच्या व्यवसायात कोणतेही स्थान नसलेल्या मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये असे मांडले की बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू यशस्वी फटका ठरेल की त्यावर बॅटर बाद होईल, यावर पिचरचे नियंत्रण जवळजवळ नसते; ते क्षेत्ररक्षकांवर आणि नशिबावर अवलंबून असते, आणि पिचरचे खरे कौशल्य बॅटरला चेंडू लागू न देण्यात, वॉक न देण्यात आणि होम रन टाळण्यात दिसते. हा दावा इतका विपरीत होता की अनेकांनी तो खोडण्यासाठी आकडेमोड केली आणि तो मुख्यतः खरा असल्याचे त्यांना आढळले. आपल्याला हे तीस वर्षांपूर्वीच सुचायला हवे होते, अशी कबुली खुद्द जेम्स यांनी दिली. पुढे २००३ मध्ये टॉम टिपेट यांनी पिचरचे या बाबतीत थोडेसे नियंत्रण असते असे दाखवून मूळ विधानाला मर्यादा घातली. दावा, तपासणी, मान्यता आणि दुरुस्ती हे सर्व वाचकांच्या डोळ्यांसमोर घडले, आणि अशा उघड वादामुळेच या लेखनाला विद्याशाखेचे रूप आले.

मान्यतेची किंमत

मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा विषय बेसबॉलच्या चाहत्यांपलीकडे गेला; २०११ मधील त्यावरच्या चित्रपटामुळे तो भारतीय प्रेक्षकालाही ठाऊक झाला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, २००२ च्या हंगामात खेळाडूंच्या वेतनावर सुमारे ४ कोटी डॉलर खर्च करणाऱ्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या संघाने, १२ कोटींहून अधिक खर्च करणाऱ्या न्यूयॉर्क यँकीजइतकेच म्हणजे १०३ सामने जिंकले. ओकलंडचे महाव्यवस्थापक बिली बीन यांनी बाजारात स्वस्त मिळणारी गुणवत्ता विकत घेतली, आणि त्या वेळी सर्वांत स्वस्त असलेला गुण म्हणजे वॉक मिळवण्याची, एकंदरीने बाद न होता बेस गाठण्याची क्षमता. चॅडविक यांच्या सरासरीने वगळलेल्या गोष्टीला बाजारभाव नव्हता. हौशी अभ्यासकांनी ती वीस-पंचवीस वर्षे छापून ठेवली होती, पण ती वाचून तिच्यावर पैसे लावण्यास फारसे क्लब तयार नव्हते. २००२ च्या अखेरीस बोस्टन रेड सॉक्सने स्वतः जेम्स यांना सल्लागार नेमले, आणि १९१८ नंतर एकदाही अजिंक्यपद न मिळालेल्या त्या संघाने २००४ मध्ये ते मिळवले.

वाचकवर्ग किती पसरला याची मोजदाद पुरस्कारांच्या मतदानातूनही करता येते. वर्षातील सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा ‘साय यंग’ पुरस्कार बेसबॉल पत्रकारांच्या मतांनी ठरतो. पिचरच्या नावावर जमा होणारा ‘विजय’ हा त्याच्या संघाने किती धावा केल्या यावरही अवलंबून असतो, ही गोष्ट विश्लेषक वर्षानुवर्षे सांगत होते. तरीही १९९० मध्ये अमेरिकन लीगचा हा पुरस्कार २७ विजय मिळवणाऱ्या बॉब वेल्च यांना मिळाला आणि धावा देण्यात त्यांच्यापेक्षा खूपच कंजूष असलेले रॉजर क्लेमेन्स मागे पडले. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच लीगमधील पत्रकारांनी अवघे १३ विजय आणि १२ पराभव नावावर असलेल्या फेलिक्स हर्नांडेझ यांना निवडले, कारण ते दुबळ्या संघाकडून खेळत असले तरी त्यांनी अत्यंत कमी धावा दिल्या होत्या. मधल्या काळात मतदारांनी काय वाचले, याचा हा पुरावा होय.

या यशाला दुसरी बाजूही आहे. क्लबांनी विश्लेषकांना नोकऱ्या दिल्या आणि नोकरीत गेलेल्या विश्लेषकाचे सार्वजनिक लेखन बहुधा थांबले. ‘बेसबॉल प्रॉस्पेक्टस’मध्ये लिहिणारे जेम्स क्लिक हे पुढे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रॉसचे महाव्यवस्थापक झाले आणि त्यांच्या कार्यकाळात २०२२ मध्ये त्या संघाने अजिंक्यपद जिंकले. यष्टिरक्षकासारखे काम करणारा कॅचर हा चेंडू ज्या हातोटीने झेलतो तिच्यामुळे पंचाचा निर्णय किती बदलतो, याचे मोल २०११ मध्ये मांडणारे माइक फास्ट यांनाही अ‍ॅस्ट्रॉसनेच आपल्याकडे घेतले. जी माहिती एकेकाळी टपालाने कोणालाही मागवता येत होती, तिच्याविषयी क्लब इतके जागरूक झाले की अ‍ॅस्ट्रॉसच्या संगणकीय माहितीसाठ्यात अनधिकृत प्रवेश केल्याबद्दल सेंट लुइस कार्डिनल्सच्या एका माजी अधिकाऱ्याला २०१६ मध्ये ४६ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी त्या क्लबला २० लाख डॉलर भरावे लागले.

खेळावरही परिणाम झाला. सर्वच संघ एकच गणित करू लागल्यावर मैदानात वॉक, होम रन आणि बॅटला चेंडू न लागता बाद होणे यांचे प्रमाण वाढले, तर क्षेत्ररक्षकांना धावायला लावणारे फटके घटले आणि सामने लांबले. अखेर २०२३ मध्ये लीगच्या व्यवस्थापनाला पिचरसाठी वेळेचे बंधन घालावे लागले आणि क्षेत्ररक्षकांना गणिताबरहुकूम एका बाजूला गोळा करण्यावर मर्यादा आणावी लागली. जिंकण्याचे उत्तम गणित पाहण्यास उत्तम असेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. आणि विश्लेषणाचा वाचक वाढला म्हणून खेळाचा प्रेक्षक आपोआप वाढतो, हा समज त्यामुळे टिकला नाही.

हौशी विश्लेषणाला वाचक कसा मिळतो, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासातून पुरेसे स्पष्टपणे निघते. चाहत्यांच्या मनात आधीपासून असलेला प्रश्न उचलणे, उत्तराची रीत वाचकाला चालवून पाहता येईल अशी उघडी ठेवणे, तक्त्यापेक्षा गद्यावर अधिक मेहनत घेणे, आपले निष्कर्ष दुसऱ्याने दुरुस्त केल्यास ते मान्य करणे आणि वाचकाला कामात वाटेकरी करून घेणे, एवढी त्याची पंचसूत्री सांगता येईल. यांपैकी एकाही गोष्टीला भांडवल लागत नाही. प्रसिद्धी, प्रकाशनसंस्था आणि क्लबांची मान्यता या सर्व गोष्टी नंतर आल्या, आणि शेवटच्या गोष्टीने तर लेखकांना वाचकांपासून दूर नेले. क्लबांच्या बंद दालनांत आज कितीतरी अधिक माहिती आणि कितीतरी अधिक विश्लेषक आहेत. तरीही सामान्य चाहत्याला खेळ नव्याने समजावून देण्याचे काम जेवढे चालते, ते मुख्यतः खुल्या नोंदी आणि खुला वाद जपणाऱ्यांकडूनच चालते.